शहराचा कर, गावातलं काम : रोजगार हमीचा पैसा कायद्यानं कसा उभा राहिला

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकात, कपातीच्या रकान्यात, एक ओळ असते : व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत त्याच ओळीत ३०० दिसतात. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून वर्षाला बरोबर २,५००. भविष्य निर्वाह निधीची चौकशी सगळे करतात, टीडीएस जास्त कापला गेला तर अकाउंट्सकडे जाऊन विचारतात. या ओळीवर मात्र नजर थांबत नाही, कारण रक्कम किरकोळ आहे. ही कपात कशासाठी सुरू झाली ते कळलं तर नजर थांबेल, असं मला वाटतं. दुष्काळी भागातला मजूर काम मागेल तेव्हा त्याला काम देता यावं, आणि त्या कामातून त्याच्याच परिसरात तलाव, बांध, रस्ते व्हावेत, यासाठी लागणारा पैसा उभा करायला महाराष्ट्राच्या विधिमंडळानं १९७५ साली हा कर बसवला.

गावाच्या गरजांसाठी सरकारी पैसा अनेक वाटांनी येतो. वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. काही पैसा जिल्हा नियोजन समितीकडून, जिल्हा वार्षिक योजनेतून येतो. आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी असतो. शिवाय गावागावांत ज्याला नुसतं ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात, तो ग्रामविकास विभागाचा २५१५ या लेखाशीर्षाखालचा निधी. या शेवटच्या दोन्हींत काम कोणतं व्हायचं हे मुख्यतः लोकप्रतिनिधीच्या शिफारशीवर ठरतं. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, सिमेंटचा रस्ता ही त्यातली नेहमीची कामं. ती वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. पण एखाद्या मजूर बाईनं जाऊन ‘मला पंधरा दिवसांत काम द्या, कायदा तसं सांगतो’ असं म्हणावं, अशी सोय त्या निधीत नाही. रोजगार हमीत आहे. ती तिथं आहे ती दोन कायद्यांच्या जोडीमुळे. एका कायद्यानं सरकारला शब्दात बांधलं, दुसऱ्यानं तो शब्द पाळायला लागणारा पैसा आणला.

दुष्काळ, कर आणि मग कायदा

कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे ते दीर्घकाळ सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर इथं १९६५ साली या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. जो कोणी अंगमेहनत करायला तयार आहे त्याला काम द्यायचं, आणि काम असं निवडायचं की ते माती अडवेल, पाणी मुरवेल, पुढची काही वर्षं गावाच्या उपयोगी पडेल. कल्पना एवढीच होती, पण ती कुणी अधिकारानं मागू शकेल अशी करणं फार अवघड होतं.

१९७२ मध्ये योजना राज्यभरासाठी जाहीर झाली आणि लगेचच सगळी यंत्रणा दुष्काळी कामांत अडकली. त्या दुष्काळाच्या आठवणी मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पूर्व पट्ट्यात घराघरांत आहेत : खडी फोडायला गेलेली माणसं, कामावर खायला मिळणारी सुकडी. मे १९७३ च्या सुमाराला जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती.

दुष्काळी काम आणि हमीचं काम यांत वरवर फरक दिसत नाही. दोन्हीकडं कुदळ, फावडं, घमेलं, मुकादम आणि मस्टर, म्हणजे हजेरीपट. कायद्याच्या दृष्टीनं मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुष्काळी काम निघायचं असेल तर आधी सरकारनं टंचाई जाहीर करायला हवी. त्यासाठी पिकांची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या तुलनेत पीक किती आलं याचा अंदाज, काढली जायची, ती ५० पैशांच्या खाली आली की गाव यादीत जायचं. पैसेवारी ५१ निघाली तर त्या गावातल्या भूमिहीन माणसाच्या चुलीवर काय शिजतं हा प्रश्नच उरायचा नाही. हमीमध्ये सुरुवात मजुराकडून होते. त्यानं मागणी केली की सरकारची जबाबदारी सुरू होते, पाऊस कितीही पडलेला असो.

आता सरकारच्या बाजूनं विचार करा. अशी हमी देणं म्हणजे खर्चाचा आकडा आपल्या हातात न ठेवणं. नेहमीच्या योजनेत अर्थसंकल्पात रक्कम ठरते आणि ती संपली की काम पुढच्या वर्षावर जातं. हमीत तसं म्हणता येत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षी मागणी कमी, दुष्काळात कितीतरी पट. आणि दुष्काळातच शेतीवर चालणारा बाजार बसतो, शेतसाऱ्यात सूट द्यावी लागते, राज्याच्या उत्पन्नाला ओढ लागते. म्हणजे पैशाची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हा तिजोरी सगळ्यात अशक्त. यातून वाट काढायची तर ज्यांचं उत्पन्न पावसावर अवलंबून नाही अशा लोकांकडून पैसा यायला हवा. नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील, कारखानदार. मुंबई-पुण्यातल्या माणसाचा पगार मृग कोरडा गेला म्हणून कमी होत नाही. माझ्या मते या साऱ्या रचनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही आहे.

म्हणून १९७५ साली ‘महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्यांवरील कर अधिनियम’ आला. राज्याला असा कर लावायचा अधिकार राज्यघटनेतच आहे, सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीच्या ६० व्या नोंदीत. याच्या जोडीला आणखी काही कर आणि अधिभार लागले : विक्रीकरावर, मोटार वाहनांवर, जमीन महसुलावर, बागायती जमिनीवर विशेष आकारणी, आणि शहरांतल्या बिगरनिवासी मालमत्तांवर. दुकान किंवा ऑफिस ज्यांच्या नावावर आहे त्यांनी महापालिकेचं मालमत्ता कराचं बिल उघडून पाहावं. शिक्षण कराच्या आसपास रोजगार हमीची ओळ सापडते. महापालिका ती रक्कम वसूल करते ती राज्य सरकारसाठी.

या सगळ्या करांतून जेवढं येईल तेवढीच रक्कम राज्य सरकार स्वतःच्या बाकी उत्पन्नातून घालेल, अशीही तरतूद झाली. म्हणजे करदात्याचा एक रुपया आणि सरकारचा एक रुपया.

पैशाची ही व्यवस्था झाल्यानंतर ‘महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७’ आला. दोन्ही सभागृहांनी तो एकमतानं मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी कर, मग हक्क. आपल्याकडं बरेचदा उलटं होतं. हक्क जाहीर होतो आणि पैशाचं बघू म्हणून सोडून दिलं जातं.

एकमत झालं याचं आश्चर्य वाटतं, पण त्यामागं नुसती करुणा नव्हती. गावाकडच्या आमदारांना आपल्या भागात पाझर तलाव, नालाबांध, रस्ते हवे होते. शहरांना दुष्काळात येणारे लोंढे नको होते. जमीनदार शेतकऱ्याला तलावाखालच्या विहिरीला पाणी वाढणार हे दिसत होतं. मजुराला मजुरी. या यादीतला शेवटचा माणूस सोडला तर इतरांचा फायदा टिकाऊ होता, आणि ही टीका योजनेवर पहिल्यापासून झाली. बांध घालणारा भूमिहीन, पाणी लागलं दुसऱ्याच्या विहिरीला. टीका खरीच आहे. तरी मला असं वाटतं की हे सगळे हितसंबंध एका कायद्यात एकत्र आले म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला. फक्त गरिबांसाठी असलेला कायदा पहिल्या अडचणीच्या अर्थसंकल्पात मारला गेला असता.

कर गोळा झाला म्हणजे पैसा कामावर पोचला असं नाही

इथं थोडं सावकाश जायला हवं, कारण ‘अमुक कर तमुक कामासाठी’ हे वाक्य ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर एक सरळ नळी येते. इकडून पैसे टाकले, तिकडून मजुराच्या हातात पडले. तसं नसतं.

राज्य सरकारला मिळणारा प्रत्येक कर आधी राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. घटनेचं कलम २६६ तसं सांगतं. व्यवसाय करही तिथंच जातो, जीएसटीतल्या राज्याच्या वाट्याशेजारी, मद्यावरच्या उत्पादन शुल्काशेजारी. तिथून एक रुपयाही विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय बाहेर काढता येत नाही. त्यासाठी प्रत्येक विभागाची मागणी सभागृहापुढं येते, मतदान होतं, आणि शेवटी विनियोजन विधेयक मंजूर होतं. रोजगार हमीच्या कायद्यानं एक वेगळा रोजगार हमी निधी स्थापन केला. दरवर्षी एकत्रित निधीतून ठरलेली रक्कम या निधीकडं वर्ग करायची आणि खर्च त्यातून भागवायचा. निधीतली शिल्लक वर्ष संपलं म्हणून बुडत नाही, पुढं चालते. घरात पगार एकाच खात्यात जमा होतो आणि मुलांच्या फीचे पैसे दर महिन्याला काढून वेगळ्या खात्यात ठेवले जातात, तसंच हे.

आता या व्यवस्थेचा कच्चा दुवा दिसेल. फीचे पैसे वेगळे काढायचे असं ठरवणं आणि ते प्रत्यक्ष काढणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कर वसूल करायचं काम एका विभागाचं (पूर्वी विक्रीकर, आता राज्य जीएसटी), पैसे वर्ग करायचं काम वित्त विभागाच्या संमतीनं होणारं, खर्च नियोजन विभागाच्या रोजगार हमी योजना (रोहयो) शाखेमार्फत, आणि प्रत्यक्ष काम तालुक्याला. वसुली झाली तरी वर्ग करणं अडू शकतं, कमी होऊ शकतं. म्हणून ‘व्यवसाय करातून किती आले’ एवढं विचारून भागत नाही. ‘त्यातले निधीत किती गेले, सरकारनं आपला वाटा किती घातला आणि निधीत शिल्लक किती’ असं विचारायला हवं. या प्रश्नांची उत्तरं राज्याच्या अर्थसंकल्पीय प्रकाशनांत आणि भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक राज्याच्या वित्तव्यवस्थेवर दरवर्षी अहवाल देतात त्यात शोधता येतात. दोन्ही विधिमंडळापुढं ठेवले जातात, दोन्ही वेबसाइटवर असतात. अहवाल रुक्ष असतो, पण निधीच्या शिल्लकीचा तक्ता वाचायला पदवी लागत नाही.

हमी असूनही ती आकसते कशी

१९८८ साली शेतमजुरांचं किमान वेतन साधारण दुप्पट झालं. रोहयोची मजुरी किमान वेतनाशी जोडलेली होती, त्यामुळे तीही तशीच वाढली. मजुरी वाढल्यावर कामावर येणारे वाढायला हवेत. पुढच्या काळात मनुष्यदिवस उलट घटले. हमी कागदावर जशीच्या तशी होती. अर्थतज्ज्ञांनी या घटनेचा बारकाईनं अभ्यास केला आहे.

मजुरी दुप्पट झाली आणि पैसा तेवढाच राहिला तर तालुक्याच्या पातळीवर काय होतं, ते समजून घ्यायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. कुणी ‘काम देत नाही’ असं लेखी सांगत नाही. काम काढायला उशीर होतो. शेल्फवर, म्हणजे तयार ठेवलेल्या यादीत, मंजूर कामं आहेत, पण आदेश निघत नाही. किंवा काम लांबच्या गावाला निघतं, जिथं लेकुरवाळी बाई रोज जाऊन येऊ शकत नाही. मागणीचा अर्ज घेतला जातो, पण पोच मिळत नाही. पोच नाही म्हणजे तारीख नाही, तारीख नाही म्हणजे पंधरा दिवस मोजायचे कधीपासून? बेकारी भत्त्याची तरतूद कायद्यात आहे, आणि भत्ता मिळवायची सगळी वाट त्या पोचेवरून जाते.

म्हणून हक्काचा कायदा वाचताना मी नेहमी त्याचा पैशाचा भाग आधी वाचते. हक्काची वाक्यं सगळीकडं सुंदर असतात.

दिल्ली आली तेव्हा

२००५ साली संसदेनं राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, पुढं त्याला महात्मा गांधींचं नाव मिळालं आणि तो मनरेगा म्हणून ओळखला जाऊ लागला. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातल्या २०० जिल्ह्यांत तो सुरू झाला, १ एप्रिल २००८ पासून सर्व ग्रामीण जिल्ह्यांत. त्याची प्रेरणा महाराष्ट्राचीच होती. ज्या राज्यांचा आधीपासून असा कायदा आहे त्यांनी तो चालू ठेवावा, फक्त केंद्रापेक्षा कमी देऊ नये, अशी वाटही त्यात ठेवलेली होती. महाराष्ट्रानं आपला कायदा ठेवला, त्यात दुरुस्ती केली. त्यातून अशी सांगड बसली की कुटुंबाला वर्षात पहिल्या १०० दिवसांचं काम केंद्राच्या पैशातून आणि त्यापुढं मागणी असेल तर ३६५ दिवसांपर्यंत राज्याच्या पैशातून.

पैशाची वाटणी एका उदाहरणानं स्पष्ट होईल. गावात १० लाख रुपयांचा पाझर तलाव घ्यायचा आहे असं धरा. नियम असा की किमान ६० टक्के रक्कम अकुशल मजुरीवर जायला हवी आणि साहित्य, गवंडी वगैरे कुशल भागावर जास्तीत जास्त ४० टक्के. म्हणजे ६ लाख मजुरी, ४ लाख कुशल. मनरेगात अकुशल मजुरी पूर्ण केंद्राची, ६ लाख. कुशल भागाचा तीन चतुर्थांश केंद्राचा, ३ लाख. राज्याकडं राहिला १ लाख. प्रशासकीय खर्च यात धरलेला नाही. बेकारी भत्ता मात्र पूर्ण राज्याचा, म्हणजे वेळेत काम न देण्याचा भुर्दंड राज्यानं सोसायचा.

या वाटणीमुळे महाराष्ट्राच्या स्वतःच्या निधीवरचा भार एकदम हलका झाला. व्यवसाय कर तर चालूच राहिला, जीएसटी आल्यावरही तो जीएसटीत गेला नाही. इथं एक प्रश्न उभा राहतो आणि तो विचारायलाच हवा. ज्या कामासाठी कर लावला त्याचा मोठा खर्च दुसऱ्यानं उचलला, तर उरलेल्या पैशाचं काय? तो त्याच मजुरासाठी, त्याच गावासाठी वापरायचा, की एकत्रित निधीतच बाकीच्या खर्चात मिसळू द्यायचा? दोन्हींची बाजू मांडता येईल. माझी बाजू पहिली. १०० दिवसांपुढची मजुरी आणि रखडलेली कुशलची बिलं या दोन गोष्टींवर तो पैसा लावला असता तरी गावात फरक दिसला असता.

कुशलच्या बिलाचं दुखणं बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून एवढं सांगते. सिंचन विहीर घेतलेल्या शेतकऱ्याकडं पाहा. खोदकामाची मजुरी मस्टरप्रमाणं थेट मजुरांच्या बँक खात्यात जाते. पाणी लागतं, घरात आनंद होतो, मग बांधकाम सुरू करायचं. सिमेंट, लोखंड, खडी, गवंडी. हा सगळा कुशलचा भाग. तो पैसा मोजमाप, बिल आणि निधी उपलब्ध होणं या टप्प्यांतून येतो. शेतकरी तोवर दुकानात उधारी करतो. पावसाळ्यापूर्वी कडं बांधलं नाही तर विहीर ढासळते आणि आधीची मजुरीही मातीत जाते. एका विहिरीचं बिल किती दिवस अडकलं, यावरून त्या तालुक्यात पैशाचा प्रवाह कसा आहे ते कळतं.

आता पुन्हा राज्याच्या खिशाकडं

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. ‘विकसित भारत – गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)’ असं त्याचं लांबलचक नाव. दिवस १०० वरून १२५ झाले, ही त्यातली सगळ्यात जास्त बोलली गेलेली गोष्ट. पेरणी-काढणीच्या हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची मुभाही राज्यांना मिळाली. आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाची कलमं पैशाची आहेत. ईशान्य आणि हिमालयीन राज्यं वगळता बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ४० अशी झाली. आणि केंद्र प्रत्येक राज्यासाठी दरवर्षी रक्कम ठरवून देणार, त्यापुढचा खर्च राज्यानं सोसायचा.

मघाचाच १० लाखांचा पाझर तलाव घ्या. जुन्या वाटणीत राज्याचा १ लाख होता. नव्या वाटणीत ४ लाख. काम तेच, खोली तीच, मजूर तेच, आणि राज्याचा हिस्सा चौपट. आणि केंद्रानं ठरवलेली रक्कम संपल्यावर दुष्काळामुळे मागणी वाढली, तर दहाच्या दहा लाख.

ज्या राज्यांकडं यासाठी वेगळा पैसा नाही त्यांना तो इतर कामांतून काढावा लागेल, आणि १९८८ नंतर आपल्याकडं जे घडलं ते तिथं घडण्याची भीती आहे. महाराष्ट्राकडं निदान पाया आहे. कर आहे, वसुलीची यंत्रणा आहे, राज्याच्या स्वतःच्या कायद्यानं स्थापन केलेला निधी आहे. पन्नास वर्षांपूर्वी विधिमंडळानं ज्या कारणासाठी हे सगळं उभं केलं, तेच कारण पुन्हा समोर उभं आहे.

पण पाया जुना झाला आहे, हेही बोलायला हवं. व्यवसाय कराची वरची मर्यादा राज्य ठरवत नाही, ती घटनेच्या कलम २७६ मध्ये लिहिलेली आहे. घटना लागू झाली तेव्हा ती वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं ती २,५०० झाली. त्यानंतर आजतागायत तीच. १९८८ मधल्या २,५०० रुपयांत काय यायचं आणि आज काय येतं हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. मजुरी, सिमेंट, डिझेल सगळं वाढत गेलं, कराची मर्यादा मात्र जागची हलली नाही. ती वाढवायची तर संसदेत घटनादुरुस्तीच करावी लागेल.

दुसरा दोष न्यायाचा आहे. महिना १०,००० रुपयांपेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुषाला वर्षाला २,५००, आणि महिना पाच लाख घेणाऱ्यालाही २,५००. मर्यादाच इतकी खाली आहे की वरच्या उत्पन्नाला वेगळा दर लावायला जागाच उरत नाही. राज्यानं आपल्या हातात होतं तेवढं खालच्या बाजूला केलं : १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर माफ झाला. चांगला निर्णय. सुरक्षा रक्षक किंवा डिलिव्हरीचं काम करणाऱ्या पुरुषाकडून अजूनही तेवढेच कापले जातात, आणि त्यांच्यातले कितीतरी जण ज्या गावांतून आले त्या गावांसाठीच हा कर आहे.

मागणी करायची ती अशी

गावात राहणाऱ्यांसाठी एवढं. कामं दरवर्षीच्या आराखड्यात असावी लागतात, आणि आराखडा ग्रामसभेत ठरतो. पाणंद रस्ता, शेततळं, गोठा, फळबाग, नाला खोलीकरण, जे हवं ते ग्रामसभेच्या ठरावात आलं पाहिजे. नंतर तहसीलला जाऊन सांगितलं तर ‘आराखड्यात नाही’ एवढंच उत्तर मिळतं. ग्रामसभेला मजूर बायका गेल्या तर यादी बदलते. त्यांना काम घराजवळ हवं असतं, आणि पाण्याचं काम त्या आधी सांगतात.

काम मागायचं ते लेखी, नमुना ४ भरून, ग्राम रोजगार सेवकाकडं किंवा ग्रामपंचायतीत. अर्जावर तारीख घालायची आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. शक्यतो गटानं अर्ज करावा. एकटीचा अर्ज हरवतो, पंचवीस जणींचा हरवत नाही. पंधरा दिवसांत काम निघालं नाही तर तीच पोच जोडून बेकारी भत्त्याची मागणी तालुक्याच्या कार्यक्रम अधिकाऱ्याकडं करायची.

शहरात राहून हा कर भरणाऱ्यांनाही एक काम आहे. महाराष्ट्र विधिमंडळाची स्वतंत्र रोजगार हमी योजना समिती असते. दोन्ही सभागृहांचे आमदार तिच्यावर असतात, आणि ती जिल्ह्यांचे दौरे करते, अधिकाऱ्यांना समोर बसवून हिशेब विचारते. शहरातल्या मतदारसंघांच्या आमदारांना या समितीत रस कमी, कारण त्यांच्या मतदारांनी तो विषय कधी काढलेलाच नसतो. आपल्या आमदाराला एक पानाचं पत्र लिहा आणि तीन गोष्टी विचारा : गेल्या वर्षी व्यवसाय कराचे किती जमले, रोजगार हमी निधीत किती वर्ग झाले, आणि वर्षअखेर कुशलची किती बिलं थकली होती. अधिवेशनात तारांकित प्रश्न म्हणून हे तीनही विचारता येतात, आणि मंत्र्यांना त्याचं उत्तर आकड्यांत द्यावं लागतं.